हिरव्या काचेतला काळा सदरा

सर,

उद्या मला अमरावतीच्या न्यायालयात साक्ष द्यायची आहे. माझ्या पत्नीच्या कपाळावर दगड मारल्याचा आरोप एका तरुणावर आहे आणि त्याच्याविरुद्ध प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार मी एकटाच आहे. तुम्हाला जाऊन बराच काळ लोटला. तरीही या प्रकरणात ज्याला विचारावे असे माणूस मला तुमच्याखेरीज आठवत नाही, कारण प्रश्न कायद्याचा नसून प्रकाशाचा आहे.

गुरू ग्रहावर धूमकेतूचे तुकडे आदळले तो आठवडा तुम्हाला आठवत असेल. मी तेव्हा तुमच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होतो, लग्नाला वर्षही झाले नव्हते. कोणते फिल्टर लावायचे यावर आपण सकाळपासून वाद घालत होतो. लाल काच लावली तर संधिप्रकाशाचा निळेपणा अडतो आणि दिवेलागणीच्या आधीच ग्रह सापडतो, म्हणून मी लालच्या बाजूने होतो. तुम्ही म्हणालात, सापडायला लाल घे, पण जखम पाहायला हिरवी लागेल. ग्रहाच्या उजळ पट्ट्यांवर डाग तिच्यातूनच उठून दिसेल. तिसरा फिल्टर तुम्ही एका मित्राकडून त्याच्या छोट्या कॅमेऱ्यासकट मागून आणला होता. तो इन्फ्रारेडचा. डोळा लावून पाहिले तर त्यातून काहीच दिसत नसे; नुसती काळी चकती. गुरूच्या वातावरणातला मिथेन वायू नेमका तोच प्रकाश गिळतो, असे तुम्ही समजावून सांगितलेत. त्यामुळे ग्रह काळवंडलेला दिसेल, पण आघाताने जे मिथेनच्या वर भिरकावले गेले, ते उन्हात चमकेल. फिल्टर निवडताना काय पाहायचे याआधी काय अडवायचे ते ठरवावे लागते, हे तुमचे वाक्य मी पुढे प्रत्येक वर्गाला सांगत आलो आहे.

महाविद्यालयाच्या गच्चीवर सूर्य मावळल्यावर ढगांना खिंडार पडले. दुर्बिणीत हिरवी काच, शेजारच्या टेबलावर कॅमेरा. आधी डोळ्याने पाहिले: ग्रहाच्या दक्षिण अंगावर काळा डाग, कोणी पेटते कोलीत टेकवून काढून घ्यावे तसा. मग काच काढून कॅमेरा चढवला, तर त्याच्या पडद्यावर तोच डाग पांढरा, धगधगीत. ग्रह विझलेला आणि घाव तेवढा पेटलेला. पृथ्वीएवढा जाळ तिथे उठला होता आणि आवाज मात्र कसलाच नव्हता. मी वहीवर वाकून लिहिले, ‘डाग काळा’. पुढचे अक्षर उमटण्याआधी तुमचा हात माझ्या मनगटावर आदळला. पेन्सिल कठड्यावरून खाली गेली. वर्गात शुद्ध बोलणारे तुम्ही रागात मात्र थेट घरच्या बोलीत शिरत असा.

“काया? कोन्या फिल्टरमंदून काया? आन् थे कोन लिहीन, तुहा बाप?”

मी मान खाली घातली. मनगटावर तुमच्या बोटांचे वळ उठले होते. “फिल्टरचं नाव नाही लिहिलं तं थे चित्र नाही, चुगली हाय,” तुम्ही म्हणालात. “काया बी खरा, पांढरा बी खरा. नाव नसंन तं दोन्ही खोटे.”

त्याच वेळी माझी पत्नी डबा घेऊन जिना चढून आली होती. ती अकोल्याच्या जठारपेठेतली. माहेरच्या बाजारात लहानपणापासून भाव करत वाढलेली. तिला तुमची भीती कधीच वाटली नाही.

“फिल्टर म्हंजे गाळणीच न, सर?” ती म्हणाली. “यायले तं घरी बी लागते. वरणातली मिर्ची काढून देल्याशिवाय घास नाही उतरत यायचा.”

तुम्ही इतके हसलात की ढग परत आले तरी कोणाच्या लक्षात आले नाही. जाताना तिने ती हिरवी काच मागितली. मी तिला डोळ्यांनी दटावत होतो, आणि तुम्ही मात्र ती रुमालात बांधून तिच्या हातावर ठेवलीत. “हा नाव लिहायचं इसरला का हे दाखवजो याले,” म्हणालात.

आता गेल्या वर्षीचे सांगतो. तिवशाहून आम्ही दोघे अमरावतीला परत येत होतो. खासगी बस होती, खिडक्यांना गडद हिरवी फिल्म चिकटवलेली. कापसाच्या भावासाठी लोकांनी रस्ता अडवला होता. बैलगाड्या आडव्या, टायर पेटलेले, घोषणा. इकडे ही वर्षे कशी चालली आहेत ते तुम्ही पाहिले नाहीत. रस्त्यावर बसलेल्या माणसांच्या आवाजाला आता विनंतीचा सूर उरलेला नाही. बस थांबली आणि पत्नी खिडकीकडे सरकली. “त्यायचं बी खरंच हाय,” ती म्हणते आहे. “कवाचे उन्हात बसले असतीन. पानी तरी पाजलं का कोनी?” चालक बस मागे घेऊ लागतो. कोणीतरी ओरडते. गर्दीतून एक माणूस पुढे धावतो, हात मागे नेतो. मला सदरा दिसतो, काळा, आणि चेहऱ्याच्या जागी धूर. मग काच आत कोसळते. आवाज होतो, सर. त्या वेळी गुरूवर झाला नव्हता तो सगळा आवाज इथे होतो. दगड नारळाएवढा होता. तिचे कपाळ उघडले होते आणि मी तळहाताने ते मिटू पाहत होतो. रक्त बोटांमधून मनगटावर, बाहीत, मांडीवर उतरत होते. मी पुन्हा बाहेर पाहिले नाही. इस्पितळ येण्याआधी ती गेली.

पोलिसांनी विचारले, काय पाहिले? मी म्हणालो, काळा सदरा. “बस झालं, सायेब,” जमादार म्हणाला. जवळच्या गावातून काळा सदरा घातलेला एक जण त्यांनी संध्याकाळपर्यंत उचलला. तो तिथे होता हे तो नाकारत नाही. दगड मारला हे नाकारतो. ठाण्यात त्याला इतके मारले होते की त्याचा एक डोळा बंद झाला होता. मी ते पाहिले आणि मला बरे वाटले. वाटले, आणखी मारा.

परवा तिचा कुंकवाचा करंडा उघडला. तिच्या बहिणीला काही द्यावे म्हणून तिच्या वस्तू आवरत होतो. झाकणाच्या आत, तुमच्या रुमालाच्या तुकड्यात, ती हिरवी काच होती. सवयीने डोळ्याला लावली आणि करंड्यात पाहिले. कुंकू काळे होते. काच काढली, लाल. लावली, काळे. आणि मग बसमध्ये चढताच तिने काढलेला शब्द कानात आला, वर्षभर तो कुठे होता कोण जाणे: “अवो, पाहा न, सरायचाच फिल्टर लावला यायनं गाडीले.”

सदरा लाल असू शकतो. काळाही असू शकतो. मी पाहिले ते हिरव्या काचेतून पाहिले, आणि जबाबात काचेचे नाव नाही.

मेहुण्याला हे सांगितले. तो जठारपेठेतून पहिल्या गाडीने आला. करंड्यातली काच त्याने स्वतः लावून पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि मग माझी कॉलर धरली. “भाऊजी, माही बहीण मेली. अन् तुमी प्रयोग करून राहिले?” त्याने मला भिंतीवर आदळले. मी प्रतिकार केला नाही. त्याचे चुकले असे मला आजही म्हणवत नाही. जाताना उंबरठ्यावर तो रडला, आणि म्हणाला, “थो सुटला तं मी पाहून घेईन, आन् तुमालेबी.”

उद्या काच खिशात असेल. सरकारी वकिलांना आवडणार नाही, पण मी एवढेच सांगणार आहे: सदरा काळा दिसला, हिरव्या काचेतून दिसला, आणि अशा काचेतून लाल रंगही काळाच दिसतो. पुढचे न्यायालय ठरवील. तुम्ही मनगटावर उठवलेले ते वळ कधीच विरले. आज सकाळी मात्र मी त्या जागेवर बोट फिरवून पाहिले.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, करंड्यात ठेवतो. एक गोष्ट तुमच्यापासून लपवणे शोभणार नाही. फिल्टरचे नाव मी सांगेन, सर. तो सुटावा, असे मात्र मला अजूनही वाटत नाही.