गंगाधरशी राहिलेला वाद

१२ जून १९७८, सांगली
आजपासून संशोधनाचा पेपर लिहायचा. दिवाळीपर्यंत पूर्ण म्हणजे पूर्ण. विषय तसा सोपा. जड क्वार्क हा मूलकण आणि त्याचा प्रतिक्वार्क एकमेकांना बांधून राहतात. वरच्या पातळीवरून खाली उतरताना प्रकाशाचा एक कण, फोटॉन, सोडतात. ते फोटॉन मोजले की जोडीचा आतला संसार कळतो. जर्मनीत अशा एका उताराच्या तळाशी २८३० वस्तुमानाचा कण दिसला आहे. माझा दोस्त गंगाधर म्हणायचा, तो नाहीच; मी म्हणतो, आहे. फेब्रुवारीत उंब्रजजवळ एस.टी. उलटली, त्यात गंगाधर गेला. वाद तसाच राहिला. पेपरवर दोघांची नावं घालणार.

२० जून
सुरुवात उद्या. कॉलेजात अ‍ॅडमिशनची गडबड.

३ जुलै
पहिलं गणित. तो कण खरा धरला तर फोटॉन भरमसाट निघतात. जर्मनांना एवढे दिसलेले नाहीत. किरकोळ चूक असणार. मागे गंगाधर खाकरला. वळून बघितलं नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मी एम.एस्सी. आहे.

१६ ऑगस्ट
गणित तेच. दुसऱ्या पद्धतीनेही तेच. खिडकीजवळच्या खुर्चीला तंबाखूचा वास येतो. दमट हवेचा परिणाम. भामाबाई डबा घेऊन आली ती दारातच थबकली. म्हणाली, मास्तर, तुमी कुणासंगं भांडताय? तोंडी गणित करतोय, म्हटलं. तर म्हणते, मग मधनंच गप का हुताय, कुणाचं तरी ऐकल्यागत?
डब्याची दुसरी सोय बघायला हवी.

५ नोव्हेंबर
दिवाळी झाली. पेपर व्हायचाय, पण मनात पक्का आहे. साताऱ्याला जाऊन गंगाधरच्या बायकोला, चारुलतावहिनींना सांगून आलो, संक्रांतीला नक्की पाठवतो. त्यांनी विचारलं, जेवून जाणार ना? प्रश्नाचा विषयाशी संबंध नव्हता.

८ एप्रिल १९७९
सूत्रात एक गुणक घातला. आता जमतं! गुणक आणला कुठून, हे कोणी विचारणार नाही. एकजण विचारतो. सारखा विचारतो. शेवटी खुर्ची उचलून गच्चीत ठेवली.
संध्याकाळी परत आत आणली. बाहेर ऊन लागतं त्याला. खुर्चीला.

२६ नोव्हेंबर
पुण्याला चर्चासत्र. अमेरिकेत नव्या यंत्राने फार बारकाईने पाहिलं. २८३० ला काहीही नाही. आलेख सपाट. कोणी हळहळलंसुद्धा नाही, लगेच चहाची सुट्टी झाली.
रात्री सांगलीला खोलीवर आलो. दार लावून मोठ्याने म्हटलं, जिंकलास रे बाबा. खाकरणं नाही. वास नाही. बराच वेळ थांबलो. रुसला असेल. उद्या बोलेल.

२९ नोव्हेंबर
नाही बोलला.

२ डिसेंबर, सातारा
वहिनींना सांगितलं, गंगाधरचं खरं होतं. त्या म्हणाल्या, हे म्हणायचे, मधूला पटवण्यात माझा जन्म जाणार. मग म्हणाल्या, भावजी, पटलं ना आता? यापुढं कागद घेऊन येऊ नका. नुसते येत जा.
म्हटलं, येईन की, नवा विषय घेतोय, तो एकदा मार्गी लागला की येतो. त्यांनी मान हलवली आणि त्या आत गेल्या.
स्टँडवर सांगलीच्या दोन गाड्या सोडल्या. गर्दी होती.
गर्दी नव्हती.