तीनच्या वर, चारच्या आत

सोमवार, ३ मार्च

केसाने गळा कापला भिंगरीने!

सकाळी चहाचा पहिला घोट घेते न घेते तोच औषधवाल्या बाईंचा फोन. मुलांच्या रुग्णालयातलं औषधांचं दुकान त्या सांभाळतात. मुलाचं वजन टाकलं की औषध किती द्यायचं ते आमचा प्रोग्रॅम त्यांना सांगतो. आज सांगेना. "वजन टाकलं की लाल ओळ येते आणि ठप्प! समोर रांग लागलीय. कागदावर गणितं करत बसलेय मी, शाळेत असल्यासारखी." माफी मागितली. दुसरं काय करणार?

ऑफिसात जाऊन पाहिलं. आमच्या कोडला कुणी हात लावलेला नाही. बदललीय ती भिंगरीची लायब्ररी, म्हणजे तिचा तयार कोड. मात्रा काढायचं सगळं गणित तिने लिहिलेलं, आम्ही ते नुसतं वापरतो. शनिवारी तिने ३.५ ही नवी आवृत्ती सोडली, काल आमचा प्रोग्रॅम नव्याने बांधला गेला आणि त्याने ती आपोआप उचलली. ३.४ पर्यंत वजनाचा नुसता आकडा चालायचा. ३.५ म्हणते 'वजनाचे एकक दिलेले नाही', आणि हटून बसते. अगं, किलोच असणार ना! आजवर किलोच होते!

आपोआप का उचलली? कारण मुभा मीच दिली होती. बाकी सगळ्या लायब्रऱ्यांना मी नेमक्या आकड्याला बांधून ठेवलंय, जराही हलू देत नाही. मोकळी सोडली ती एकच, भिंगरीची. तिच्यापुढे माझ्या हाताने लिहिलंय — तीनच्या वरची, चारच्या आतली कुठलीही चालेल. कॉलेजात आम्ही दोघी एका बाकावर बसलो, एका डब्यात जेवलो. आणि तिने शब्द दिला होता — "तीनच्या कुठल्याही आवृत्तीत तुझं काही मोडणार नाही गं. मोडायचंच झालं तर चार करीन, आणि आधी तुला सांगेन."

ना चार केलं, ना सांगितलं. डोळे झाकून विश्वास ठेवायचा तो कुणावर मग?

संध्याकाळी दादाला सगळं सांगितलं. ऑफिस त्याचं, मी त्याची धाकटी बहीण आणि पगारी नोकर, दोन्ही. मला वाटलं, ओरडेल. ओरडला नाही. जरा वेळ पेन फिरवत बसला, मग म्हणाला, "खिळा ठोक. ३.४ म्हणजे ३.४च. पुढच्या आठवड्यात मोठ्या रुग्णालयाची माणसं पाहणीला येतायत, आता हे नसते उद्योग नकोत."

मंगळवार, ४ मार्च

ठोकला खिळा. त्या ओळीत आता एकच आकडा आहे. लाल ओळ गेली. औषधवाल्या बाई खूश — "आता कसं शहाण्यासारखं वागतंय!"

भिंगरीचे फोन आले. घेतले नाहीत. तळपायाची आग मस्तकात गेलीय, घेतला असता तर नको ते बोलले असते. दादा म्हणाला, "बरं केलंस. तिच्याशी काय ते मी बोलेन. तू मनस्ताप करून घेऊ नकोस." स्वतः उठून माझ्यासाठी चहा घेऊन आला. साखर जास्त होती, पण आणला!

बुधवार, ५ मार्च

भिंगरीचा नंबर ब्लॉक केला. संपलं.

शनिवार, ८ मार्च

कुठलं संपलंय! आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "भिंगरी आली नाही गं कितीतरी दिवसांत. भांडलात की काय?" मी म्हटलं, "ती आता मोठी झाली. तिच्या लायब्ररीवर निम्मी दुनिया चालते, आपल्याकडे कशाला येईल?" आईने नुसतं वर पाहिलं. मी आतल्या खोलीत जाऊन रडले. चिडले होते म्हणून नाही. तिची आठवण येत होती म्हणून.

राग आकड्याचा नाही. लोक मोडतात आवृत्त्या, मीही मोडल्यात. राग याचा की ती मोडताना एक फोन करण्याइतकीही मी तिला महत्त्वाची वाटले नाही.

गुरुवार, १३ मार्च

पाहणी पार पडली! प्रोग्रॅम कुठेही अडला नाही, लोण्यातून सुरी जावी तसा चालला. दादा सगळ्यांना बाहेर जेवायला घेऊन गेला. सगळ्यांसमोर म्हणाला, "हिने वेळेवर खिळा ठोकला नसता तर आज तोंडावर पडलो असतो." कान गरम झाले माझे. घरचं माणूस ते घरचंच, असं वाटलं.

शुक्रवार, १४ मार्च

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

दुपारी औषधवाल्या बाईंचा फोन. आवाज एकदम खाली. वॉर्डात एक मुलगी दिवसभर झोपूनच होती, हलवलं तरी उठेना. डॉक्टरांना शंका आली. बाईंनी मात्रा पुन्हा हाताने काढून पाहिली — दुपटीहून जास्त गेलेली! वॉर्डात नवा वजनकाटा आलाय, तो पौंडात दाखवतो. नर्सने दिसला तो आकडा टाकला, आमच्या प्रोग्रॅमने किलो समजून घेतला.

मुलगी आता बरी आहे. डोळे उघडले, पाणी मागितलं. मी दोनदा विचारून खात्री केली.

मग बाई म्हणाल्या, "त्या दिवशी तुमची लाल ओळ यायची ना, ती एककच मागत होती. वैतागले होते मी तिच्यावर. पण आता का येत नाही हो ती?"

काय सांगू? मी बंद केली म्हणून सांगितलं. त्यांनी फोन ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

खिळा उपटला. ३.५ घातली. अडू दे सगळीकडे, येऊ देत फोन. दादाला कळवायला हवं, पण तो मोठ्या रुग्णालयात करारावर सही करायला गेलाय, उचलत नाही.

म्हणजे भिंगरीला हा धोका माहीत होता. माहीत असून मूग गिळून बसली! माझा राग कमी नाही झालेला. वाढलाय. एका लेकराच्या जिवाशी गाठ होती, आणि मला एक शब्द नाही?

शनिवार, १५ मार्च

भिंगरीला फोन लावला. भांडायलाच. "मला का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "दादांना सांगितलं होतं गं, जानेवारीतच. म्हणाले, मी घालतो तिच्या कानावर. पुन्हा विचारलं, तर म्हणाले, तिला इतक्यात काही सांगू नकोस, सगळ्या रुग्णालयांत बोभाटा होईल, पाहणी होऊन जाऊ दे. मग मी काय करायचं? चार केलं असतं तर तुझ्या 'चारच्या आत'वाल्या ओळीने ते आत घेतलंच नसतं. तीनमध्ये घातलं तरच तुझ्यापर्यंत पोचणार होतं. आणि मग तू फोनच घेईनास."

दादा बाहेर आईला सहीची बातमी सांगतोय. मला हाका मारतोय — "ये ना बाहेर! तुझ्यामुळेच तर झालं हे सगळं!"