ठमीचं बाळंतपण

दि. ४ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

माझं आयुष्य पालटलं ते डॉक्टरीणबाईंनी एका गुरगुरणाऱ्या कुत्र्याचा ओठ वर उचलला त्या क्षणी. हिरड्या पांढुरक्या बघून म्हणाल्या, रक्त कमी झालंय, गोचिडी शोधा. कानांत, बोटांच्या बेचक्यांत नुसत्या चिकटून बसल्या होत्या! धनी म्हणत होता की कुत्रं आळशी झालंय.

फोनवर मी भांडतो म्हणून कागदावर बोल म्हणालीस, तर घे. कॉलेज सोडल्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. इथे जनावरांच्या दवाखान्यात मी कुत्री धरतो, धुतो, आणि त्यांच्याकडे (डॉक्टरीणबाईंकडे) बघत राहतो. सतत मान झटकणाऱ्या कुत्र्याच्या कानाचा त्या नुसता वास घेतात आणि दुखणं सांगतात. माझं दुखणं त्यांना कसं कळत नाही, देव जाणे.

राग असला तरी पत्र पाठव.
तुझा भडकू

दि. ९ मार्च

चि. भडकूस,
अनेक आशीर्वाद.

पत्रात तुझी खुशाली कुठे सापडली नाही, डॉक्टरीणबाई मात्र ओळीओळीत. अरे, ती तुझ्याहून मोठी असेल! आधी दाढी कर, मग प्रेम.

आता खरी बातमी. आपली ठमी आई होणार! मागच्या महिन्यात माजावर होती, तेव्हा शेजाऱ्यांचा कुत्रा, काळ्या, कुंपणाखालून आला होता. आता पोट कसं गरगरीत झालंय. खात नाही, पण पाणी बादलीभर पिते आणि दिवसभर पडून असते. डोहाळेच म्हणायचे. मी खोक्यात जुनी चादर अंथरून ठेवली आहे. काका कामासाठी तिकडे येतायत, त्यांच्या हाती हे पत्र देते.

रागावते ते मायेपोटीच, एवढं ध्यानात असू दे.
तुझी मावशी

दि. १० मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

आधी हे वाच: ठमी वाचली.

काल तुझं पत्र मी दवाखान्यात हसत हसत मोठ्यानं वाचत होतो. बादलीभर पाण्यापाशी डॉक्टरीणबाईंनी मला थांबवलं. काकांना विचारलं, मागून घाण वासाचा स्राव जातो का. काका ओशाळून हो म्हणाले. त्या म्हणाल्या, ही पिल्लं नव्हेत, गर्भाशयात पू झालाय, आत्ताच्या आत्ता आणा. काका आल्या पावली परत फिरले आणि ठमीला घेऊन आले. तू ठमीला सोडायला तयार नव्हतीस, ते त्यांनी सांगितलं.

तपासून बाईंनी तिला लगेच ऑपरेशनला घेतलं. मी ठमीचं डोकं धरून होतो. केवढी ती पिशवी, मावशी! फुटली असती तर सगळं संपलं होतं. बाईंनी ती अलगद उचलून बाहेर काढली. मी मात्र टेबलावर रेलायला लागलो. त्यावर त्यांनी सांगितलं की पडायचं असेल तर कुत्रीवर पडू नका.

आज ठमीनं शेपूट हलवलं. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात मोठी कॉलर घातली आहे. आता पिल्लं कधीच होणार नाहीत. तो खोका मात्र मोडू नकोस, घरी आल्यावर तिला त्यातच निजव. चूक तुझी नाही, बाई म्हणतात की पुष्कळ जण असंच फसतात.

आज त्यांना मनातलं सांगायचंच, असं ठरवून मी त्यांच्या खोलीत गेलो. त्या ठमीच्या पिंजऱ्याला टेकून बसल्या बसल्या झोपल्या होत्या, ठमीचा पंजा हातात तसाच. मी बघत उभा राहिलो. पंखा बारीक केला, बाहेर आलो आणि दार लावून घेतलं. जन्मात पहिल्यांदा, न आपटता.

तुझा,
भडकू