देवाच्या भिंतीमागचा पंप

नाना, मोरीच्या कोपऱ्यात संडास बसवला. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, विचारायला तुम्ही नव्हता, आणि असता तरी विचारलं नसतं.

आई पडली. आपल्या पंचवटीतल्या गल्लीच्या टोकाला जो सार्वजनिक संडास आहे, त्याच्या दुसऱ्या पायरीवर तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. शेजारच्या मावशींचा मला मस्कतला फोन आला तेव्हा मी एका बंगल्याच्या तळघरात दुसऱ्यांच्या घाणीत कोपरापर्यंत हात घालून बसलो होतो. ऑपरेशन झालं, वॉकर आला, डॉक्टर म्हणाले, उकिडवं बसायचं नाही, पायऱ्या चढायच्या नाहीत. वीस दिवसांची सुट्टी घेऊन आलो. ती संपायच्या आत आईला घरातल्या घरात जाता आलं पाहिजे, एवढं एकच काम होतं.

तुम्ही जन्मभर काय केलंत, नाना? गंगापूर रोडच्या बंगल्यांत संडास बसवलेत. एकेका घरात तीन-तीन. नव्या कमोडमध्ये पहिलं पाणी सोडलं की मान तिरपी करून ऐकायचात आणि घरमालकिणीला सांगायचात, "ताई, घोट घेतल्यासारखा आवाज आला पाहिजे, तर काम नीट." आणि तुमची बायको सकाळी पाचला बादली घेऊन रांगेत उभी. संध्याकाळी सहानंतर ती पाणी प्यायची नाही. मला कित्येक वर्षं वाटायचं, तिला तहानच लागत नाही.

एकदाच तिने विषय काढला होता. तुम्ही कामावरून आलेला. बाहेरच्या नळावर अंग घासून धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही हा तुमचा नियम, आणि ती टॉवेल घेऊन उभी. म्हणाली, "अहो, आपल्या मोरीत नाही का बसणार एखादा?" तुम्ही साबण थांबवून बघितलंत. "खुळी का तू? मोरीच्या भिंतीला पाठ लावून देव बसलेत. दिवसभर लोकांचं काढतो मी, घर तरी स्वच्छ राहू दे." मी मध्ये तोंड घातलं, "मग आईने काय करायचं?" तर ओल्या हाताची एक थोबाडीत. "सातवीत शाळा सोडली आणि मला प्लंबिंग शिकवतो होय रे?" मग वरून उतार सांगितलात. गल्लीचं काँक्रीट तीनदा झालं, दर वेळी रस्ता चढला आणि घर खाली राहिलं, गटाराचं चेंबर मोरीपेक्षा दोन हात उंच, पाणी काय वर चढतं का. ते खोटं नव्हतं. मोरीचं पाणीसुद्धा आई बादलीने उपसून वर नेऊन टाकायची. पण उतार तुम्हाला नंतर आठवला, नाना. खरं कारण तुम्ही आधीच बोलून बसला होतात.

आता चढतं पाणी. कमोडच्या मागे एक पेटी बसते. तिच्यात पातं असतं, ते सगळं बारीक करतं आणि पंप अंगठ्याएवढ्या पाइपातून वर ढकलतो. जमीन फोडायची नाही, काही नाही. मस्कतच्या तळघरांत मी हेच करतो. पेटी मुंबईहून मागवली. कमोड घाण निघायचं तोंड मागे असलेला लागतो, तर दुकानदार मलाच शिकवतो, "भाऊ, असला कोणी नेत नाही, खाली तोंडाचा घ्या." त्याच्याशी भांडून दुसरीकडून आणला. पाइप आधी सरळ वर नेला, मग चेंबरकडे हलका उतार दिला, पाणी उलटं येऊ नये म्हणून व्हॉल्व्ह टाकला. चार दिवसांत झालं. पहिलं पाणी सोडलं, पेटी गुरगुरली, आणि धावत जाऊन चेंबरमध्ये धार पडताना मी स्वतः बघितली. मावशी म्हणाल्या, "अगं बाई, हा तर मिक्सर! चटणी वाटायला इकडे येऊ नको गं." आई हसली नाही.

ती त्यावर बसेच ना. हॉस्पिटलातून आणलेलं भांडंच वापरायची, ते मावशी रिकामं करायच्या. तिसऱ्या दिवशी मावशींनी ते नव्या कमोडमध्ये ओतलं, वर दोन बादल्या पाणी टाकलं, आणि सगळं तोंडापर्यंत चढून मोरीभर वाहिलं. मी पेटी उघडली. पातं ठीक, वायर ठीक. बोर्डावर बघतो तर बटण बंद. आईने पूजेला बसताना बंद केलं होतं आणि तसंच ठेवलं होतं. म्हणाली, "देवाच्या पाठीशी ते गुरगुरतं रे. यांना नसतं आवडलं."

मी ओरडलो. मावशी उंबऱ्यात थिजून उभ्या राहिल्या इतका ओरडलो. "नऊ वर्षं झाली त्यांना मरून, अजून त्यांचाच हात का बटणावर?" आवाज तुमचाच निघाला, तेही समजत होतं, तरी थांबलो नाही.

आईने पलंगावरची चादर हाताने सारखी केली. मग म्हणाली, "शेवटचे दोन महिने याच पलंगावर मी त्यांना भांडं दिलं. देवापासून चार हातांवर. तू सुरतेला कामाला होतास तेव्हा." तिने वॉकर जवळ ओढला. "तेव्हा नाही बाई म्हणाले, इथे देव आहेत म्हणून." तुम्ही गेल्यापासून तिच्या तोंडून तुमच्याबद्दल पहिल्यांदाच असं काही ऐकलं. मग मला म्हणाली, "देव उचल आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर मांड. आधी हात धू, मेल्या." देव हलवले. तिने स्वतः बटण लावलं, वॉकर टेकत आत गेली, कडी लावली. बऱ्याच वेळाने पंप वाजला. बाहेर येऊन म्हणाली, "उंच झालंय जरा, पाय टेकत नाहीत." मी पायाखाली पाट ठेवला.

हे मस्कतच्या खोलीवर शुक्रवारच्या सुट्टीत लिहितोय. पोस्टात टाकता येणार नाही, ठाऊक आहे. तुम्हाला अजून पुष्कळ सुनवायचं होतं, पण एक गोष्ट लिहिली की पुढचं लिहिता येणार नाही. ही पेटी बसवायला मी इथे आलो त्याच वर्षी शिकलो, त्याला पाच वर्षं झाली. मधे दोनदा घरी आलो. पत्रे बदलले, भिंतीवर मोठा टीव्ही लावला. आणि सकाळी आई बादली घेऊन बाहेर निघाली, तेव्हा अंथरुणातूनच तिला म्हणालो, "येताना दूध आण."