काहीही विचारलं तरी एकच उत्तर

ती. ताईस,

धाकट्या भावाचा खुर्चीत बसूनच साष्टांग नमस्कार (खाली वाकलो की कंबर धरते, तेव्हा मनातून पूर्ण वाकलोय असं समज). तुझे गुडघे काय म्हणतात, भाऊजींचं घोरणं कमी झालं का, ते सविस्तर कळव. इकडे आम्ही सगळे मजेत. या 'मजेत'बद्दलच पुढे लिहायचं आहे, म्हणून जरा रेंगाळतोय.

दोन वर्षांपूर्वी तू साफसफाईच्या भरात बाबांनी स्वतः जोडलेला, घरातला एकुलता एक रेडिओ भंगारात दिलास, बाबा म्हणाले पुन्हा येऊ नकोस, तू म्हणालीस फोनही करणार नाही, आणि दोघांनीही शब्द पाळला. (आपल्या घरात शब्द पाळला गेल्याचा हा एकमेव प्रसंग.) म्हणून मी कपाटावर साबणाच्या डबीएवढा संगणक ठेवला. तू तिकडून मोबाइलवर पान उघडून विचारायचंस, त्याने इकडून सांगायचं, कुणाचाच शब्द मोडायला नको. पूर्वी असा विचारलं की उत्तर देणारा सर्व्हर उभा करायचा म्हणजे घरात लग्न काढल्यासारखं असायचं. हल्ली सूचनांच्या पाच-सात ओळींत भागतं. 'जेवण' या पत्त्यावर कुणी आलं तर बाबा काय जेवले ते सांग, 'झोप'वर आलं तर झोपेचं, 'औषध'वर औषधाचं. रोजची माहिती मी भरायची, बस्स.

पण ताई, या कामाने मला वेडच लावलं. दुपारी पडदा हलत असतो, डबीवरचा हिरवा दिवा मिणमिणतो, आणि वाटतं, कुणीतरी फार लांबून चालत येऊन आपलं दार वाजवतंय. मग मी नवे पत्ते काढत बसलो. 'गच्ची' विचारलं की वर वारा आहे की नाही, एवढंच सांगायचं. 'जिना' विचारलं की कितवी पायरी करकरते ते. एक पत्ता आईच्या कपाटाचाही केला, पण त्यात काय उत्तर लिहावं ते सुचेना, म्हणून तो उघडला की नुसतं पांढरं पान येतं. बायको म्हणाली, "अहो, गॅसवर दूध आहे, त्याचा पत्ता काढा आधी!" (दूध उतू गेलं होतं.)

आता मुद्द्याचं. हा सर्व्हर ओळी वरून खाली वाचतो आणि पहिली जुळली की तिथेच थांबतो, खालचं बघतही नाही. चाचणीसाठी पहिल्या दिवशी मी सगळ्यांत वर लिहिलं होतं: काहीही विचारलं तरी सांग, 'बाबा मजेत आहेत. तुझी आठवण काढत होते.' ती ओळ काढायची राहिली. गच्चीच्या नादात तीन आठवडे राहिली. त्यामुळे तू जेवण विचारलंस, मजेत. झोप विचारलीस, मजेत. मधे बाबा चार दिवस तापाने फणफणले होते, शेजारच्या काकूंनी तुला कळवलं असणार, कारण डबीच्या नोंदीत दिसतंय की त्या चार दिवसांत तू 'औषध' एकोणीस वेळा उघडलंस. एकोणीस वेळा तुला मजेत आहेत असं सांगितलं गेलं. ते वाचलं तेव्हा मला अक्षरशः रडू आलं. बाबा आता बरे आहेत, हे मात्र खरं, मी हाताने लिहितोय. मला माफ कर.

तुझा,
धाकटा

ता. क. : ती ओळ खोडायला काल बसलो, तर बाबा मागे उभे होते, चष्मा कपाळावर. (रोज सकाळी ते डबीपाशी येऊन विचारतात, "आज कुणी फिरकलं का?" आणि मी हो म्हटलं की चहा संपवतात. हे तुला सांगायचं नाही अशी ताकीद आहे.) बराच वेळ त्यांनी ती ओळ वाचली. मग म्हणाले, "पहिलं वाक्य काढ. दुसरं राहू दे."

ता. क. २ : आज सकाळपासून पान बंद आहे, उघडत बसू नकोस. डबीचा प्लग बाबांनीच काढला. तिच्यामुळे रेडिओत खरखर येते म्हणाले. घरात रेडिओ नाही, हे तुला मी सांगायला नको. त्या जागी त्यांनी फोन आणून ठेवलाय, आणि त्याच्याशेजारी खुर्ची. नंबर तोच आहे.