पट्टीबाहेर गेलेले पाय

३ फेब्रुवारी, सोमवार

पोचली एकदाची. पातूरपर्यंत एसटी, पुढं शेखरची जीप. डोंगराच्या पायथ्याशी पाच झोपड्या, मधात चूल, खाली नाला. पळस पेटल्यासारखा फुलला आहे. जागा झकास, माणसं नरम.

हा शेखर पुण्याची नोकरी सोडून इथं रानात जगायचं शिबिर भरवते. माचिस नाही, मोबाईलले रेंज नाही, गादी नाही. माही माय ज्या जगण्याले रडली, ते हे लोक हौसेनं शिकून राहिले. माही नात आचल कॉलेजात आहे. तिनंच त्याले सांगितलं का आमची आजी ठशावरून गाय कोणाची ते सांगते. खरं आहे ते. माहा बाप गावाची ढोरं चारे, अन् चुकलेलं ढोर मी माग काढून आणो. म्हणून इथं मी मास्तरीण. चौथी पास! शेखर म्हणे, रुख्मिणी आजी, इथं सारे रोज वही लिहितात, तुम्ही बी लिहा. लिहून राहिली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

शिकायले चार जण. आचल, अकोल्याच्या बँकेतली पौर्णिमा, अन् परवेज-उज्मा नवरा-बायको. सकाळी चकमक शिकवली. गारगोटीवर पोलाद मारायचं, ठिणगी सावरीच्या कापसात झेलायची. परवेजनं पोलाद आंगठ्यावर मारून घेतलं. उज्मा म्हणे, याले घरी गॅस बी पेटवता येत नाही, रान काय पेटवते.

झोपड्याईभोवती चार हात रुंद रेतीची पट्टी आहे. सांजेले बोराटीच्या फाट्यानं ती सपाट करायची, सकाळी वाचायची. पहिले एकमेकाचे पाय वळखायले लावले. पौर्णिमाची टाच जड, जसा का जमिनीवर राग. आचलच्या डाव्या पायाचा आंगठा रेतीले लागतच नाही, वर राहते. लहानपणापासून तसाच. मोबाईल नाही म्हणून तोंड फुगवून बसली होती पोट्टी, पण दुपारी तिच्या हातून ठिणगी पडली अन् नाचली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी पट्टीवर पौर्णिमाचे पाय. नाल्याकडं जाणारे. येणारे नाहीत. सारी पट्टी फिरून पाह्यली.

पौर्णिमा चुलीपाशी चहा पिऊन राहिली होती. कुठून आत आली म्हणून इचारलं त नुसती हसली. उठून चालली तवा बोटं पहिले टेकवे, टाच मागून, मांजरीवाणी. मी म्हटलं बाई, टाच टेक, मांजरीच्या पोटची आहेस का? सारे हसले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पौर्णिमाची टाच बरोबर पडून राहिली. सांगितलेलं एका दिवसात उचलते. पण धूर डोळ्यात जाऊन बी पापणी हालत नव्हती. मी म्हटलं, डोळे मिचक, भैताडे, आंधळी होशील. दुपारपासून मिचकून राहिली.

शिकवायले असं मन लावणारं माणूस भेटलं का बरं वाटते. खोटं काहून लिहू?

८ फेब्रुवारी, शनिवार

पट्टीवर तीन जणाईचे पाय. शेखर, परवेज, उज्मा. तिघंबी नाल्याकडं. येणारा एक ठसा नाही.

तिघंबी चुलीपाशी होते. बोटं पहिले टेकवून चालत.

पौर्णिमा त्याईच्या म्होरं टाच टेकून दाखवून राहिली होती — मी सांगितली तशी. संध्याकाळपर्यंत तिघंबी शिकले.

आचलले बाजूले घेऊन म्हटलं का उद्या उजाडल्याबरोबर पातूरची वाट धरू. ती म्हणे आजी, तुले घरची आठवण येऊन राहिली, कबूल कर. निजताना ओढणीचं एक टोक तिच्या, दुसरं माह्या मनगटाले बांधलं. दोन गाठी.

९ फेब्रुवारी, रविवार

गाठी जशाच्या तशा. दुसऱ्या टोकाले आचल निजलेली.

पट्टीवर आचलचे पाय. डावा आंगठा वर. जाणारे.

ते उठलं. आजी म्हणे. चाललं त डावा आंगठा रेतीत पुरा उमटला. जिभेवर आलं होतं — दातानं जीभ दाबली. रक्त आलं.

माह्या तोंडानं केलं हे. एक एक चूक मी सांगितली अन् एक एक चूक त्याईनं काढून टाकली. माणूस कसं असते ते मीच शिकवलं.

पट्टीपर्यंत गेली. ओलांडायची हिंमत झाली नाही. भेली. लिहून ठेवते.

१० फेब्रुवारी, सोमवार

तोंड बंद.

सारे माह्याभोवती बसतात. पाय पुढं करतात. काय चुकते ते सांगा म्हणतात, लाडीगोडीनं. सांगत नाही.

बुधवारी शिबिर संपते. सून सीमा बडनेऱ्याहून गाडी घेऊन येईन. हे त्या गाडीत बसलं नाही पाहिजे. माय आहे ती. वळखीन.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सीमा आली. हात धरून पट्टीपाशी नेली, सारं सांगितलं. ती म्हणे आई, तुम्हाले ऊन लागलं.

तेवढ्यात ते आलं. सीमाले पाणी दिलं. मम्मी, ड्युटीतून दमून आली असशील म्हणे. आमची आचल असं जन्मात बोलली नाही. सीमाचे डोळे भरले.

मी म्हटलं, ही आपली पोट्टी नाही. सीमानं डोळे पुसले. मंग म्हणे, दारं आपटणारी होती ती तुम्हालेच पाहिजे असन. मले ही अशीच राहू द्या.

गाडीत सामान भरून राहिले.

दुपार, नाल्यात

पट्टी ओलांडली. वही संगं आहे. आचल इकडं आहे, मंग मी तिकडं जाऊन काय करू.

माग साफ आहे. गाळ-गारा ओला. पहिले ठसे खोल — पोट्टी चांगली वजनदार. वीस पावलं गेली त उथळ. मंग नुसती बोटं. मंग चिमणीच्या पायाएवढं. मंग ओल्या गाऱ्यावर काहीच नाही. कपडा नाही, केस नाही. हाका मारल्या. दगडबी बोलला नाही.

वरून गाडीचा आवाज. कोणीतरी माह्याच आवाजात सीमाले झापून राहिलं — सरक तिकडं, म्हशीवाणी सारी सीट अडवली — अन् सीमा हसून म्हणे, चला आई, आता बऱ्या झाल्या तुम्ही —

हाका मारल्या. आवाज —

मागं पाह्यलं. माहे ठसे. काठापाशी खोल. इथं —