चटई उचलू देण्याबाबत

प्रति,
मा. समेट अधिकारी,
कामगार-मालक तंटा कार्यालय,
बंदर रस्ता, सवाईई बेट, सामोआ.

विषय : तंटा चालू असताना उभय पक्षांनी भेटू नये, हा नियम बदलण्याबाबत.
संदर्भ : आपले भेटबंदीचे पत्र, जे मला दुर्दैवाने वेळेवर मिळाले.

महोदय,

मी पेनितोआ मासोए, उएलेसे यांच्या पावाच्या भट्टीवर सव्वीस वर्षे कामाला होतो. शार्कवर बसून मी बेटाला प्रदक्षिणा घातली, ती हकिगत गिऱ्हाइकांना सांगत असताना नारळपावांची एक खेप जळाली. हकिगत लांबली, हे मान्य. उएलेसे सर्वांसमक्ष म्हणाले, "तुझी जीभच भट्टीत घालायला हवी," आणि मला काढून टाकले. मी आपल्याकडे तक्रार केली.

१. आपले पत्र आले : निकालापूर्वी समोरच्या पक्षाशी प्रत्यक्ष, निरोपाने वा भेटवस्तूने संपर्क केल्यास तक्रारदाराची तक्रार बाद होईल, मालकाविरुद्ध एकतर्फी निकाल लागेल.

२. चौथ्या दिवशी पहाटे उएलेसे बायको-मुलासह माझ्या अंगणात गुडघे टेकून बसले. डोक्यावरून पांघरलेली घरातली सर्वांत जुनी, बारीक विणीची चटई. आमच्यात याहून मोठी माफी नाही. दुखावलेल्याने उठून चटई उचलायची, की तंटा मिटला. मला चौदा पावले चालायची होती. आपल्याकडे अजून पहिली तारीख लागायची आहे.

३. आमच्या घरांना भिंती नसतात, हे आपण जाणता. म्हणून नियम पाळण्यासाठी मी पाठ फिरवून बसलो. बायको म्हणाली, "अहो, उठा. माणूस उन्हात भाजतोय." मी पत्र दाखवले. ती म्हणाली, "या पत्राला गुडघे असते तर त्याला कळलं असतं." तेवढ्यात चटईखालून उएलेसे बोलले, "पेनी, पाय गेले रे माझे. एखादी थाप तरी मार, वेळ जाईल." मी आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसलो. दुपारी ते चटईची घडी करून निघून गेले. गावाने समजायचे ते समजले : पेनितोआने माफी नाकारली.

४. जूनमध्ये उएलेसे वारले. अंत्यविधीला मला कोणी हाकलले नाही. सरकून जागाही कोणी दिली नाही.

५. आपण त्यांच्या पत्नी फिलोई यांना त्यांच्या जागी पक्षकार केले व तेच पत्र त्यांनाही पाठवले. गेले तीन दिवस पहाटे मी त्यांच्या अंगणात चटईखाली बसतो आहे. काल फिलोई उठल्या होत्या. पावले जवळ आलेली ऐकू आली. मुलगा म्हणाला, "आई, ते पत्र." पावले परत गेली.

सबब, मी तक्रार मागे घेतो. नोकरी नको, भरपाई नको. यापुढे कोणाच्याही अंगणात चटई आली, की कार्यालयाने आपला कागद मुकाट्याने मागे घ्यावा, असा नियम करावा. ही विनंती इतरांसाठी. माझ्यासाठी एवढेच, की फिलोई यांचे पत्र रद्द झाल्याचा हुकूम शिपायाहाती पहिल्या बसने पाठवावा. त्याने तो अंगणात मोठ्याने वाचावा, म्हणजे मला चटईखाली ऐकू येईल. त्यानंतरही त्या उठल्या नाहीत, तर ते आपल्या नियमामुळे नसेल, एवढे तरी मला कळेल.

आपला नको तितका आज्ञाधारक,
पेनितोआ मासोए
दि. ९ ऑगस्ट

सोबत : भेटबंदीचे पत्र, मूळ प्रत. परत नको.